विश्लेषण : घरच्या घरी काडतूस भरण्याचा अमेरिकी छंद काय आहे? भारतात तोच गंभीर गुन्हा कसा ठरतो?

गॅरेजमधील टेबलावर घट्ट बसवलेला लांब दांड्याचा लोखंडी प्रेस, शेजारी सोनाराकडे असतो तसा नाजूक काटा आणि डब्यात चकचकीत पितळी पुंगळ्या. अशा दृश्याने सुरू होणारे व्हिडिओ मोबाइलवर सर्रास दिसतात. अमेरिकेत त्याला ‘रीलोडिंग’ किंवा ‘हँडलोडिंग’ म्हणतात. एकदा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरून तिच्यापासून नवे काडतूस तयार करण्याचा हा छंद आहे. तिथे अनेक शिकारी आणि नेमबाज तो उघडपणे जोपासतात. भारतात मात्र विनापरवाना हीच कृती केल्यास किमान सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. इतकेच नव्हे, तर अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या अनेक मराठी तरुणांनाही त्याची मुभा नाही. हा छंद नेमका काय आहे, त्यातील धोके कोणते आणि कायदा काय सांगतो, याचा आढावा.

काडतूस कशाचे बनते?

रायफलच्या आधुनिक काडतुसात चार घटक असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला छोटा प्रायमर, आत भरलेली धूररहित दारू म्हणजेच पावडर आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा दाबला की रायफलची पिन प्रायमरवर आदळते, त्यातील संवेदनशील रसायन पेटते, त्या ठिणगीने पावडर पेट घेते आणि तयार झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीबाहेर फेकली जाते. प्रायमर, पावडर आणि गोळी हे तीन घटक एकदा वापरले की संपले. पुंगळी मात्र शिल्लक राहते.

काडतुसाच्या किमतीत या पितळी पुंगळीचा वाटा मोठा असतो. पितळ लवचीक असल्याने स्फोटाच्या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या मागील कप्प्याला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरताच किंचित आक्रसते. ती पुन्हा मूळ मापात आणता येते. चांगल्या प्रतीची पुंगळी अशा प्रकारे अनेकदा वापरता येते. रीलोडिंगचा सगळा डोलारा पितळाच्या या एका गुणावर उभा आहे.

याची सुरुवात कधी झाली?

काडतूस म्हटले की भारतीय वाचकाला १८५७ आठवते. त्या वेळच्या एन्फिल्ड रायफलचे काडतूस कागदी होते. शिपायाने ते दातांनी फाडून दारू नळीत ओतायची आणि मग गोळी ठासायची. त्यात पुन्हा वापरण्यासारखे काही उरतच नव्हते. धातूची पुंगळी रूढ झाली ती त्यानंतरच्या काळात.

१८६६ च्या सुमारास दोन व्यक्तींनी प्रायमरच्या दोन पद्धती आणल्या. ब्रिटनमध्ये वुलिच येथील शाही शस्त्रागारातील अधिकारी एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत यादवी युद्धात नेमबाजांच्या पथकाचे नेतृत्व केलेले हायरम बर्डन. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. त्यातून बारीक सळई आत घालून जुना प्रायमर सहज बाहेर ढकलता येतो. बर्डन पद्धतीत मधोमध छिद्र नसते. तिथे पुंगळीचाच एक उंचवटा असतो आणि बाजूला सहसा दोन बारीक छिद्रे असतात. त्यामुळे जुना प्रायमर काढणे किचकट होते.

गंमत अशी की, इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकी बर्डनची युरोपातील अनेक लष्करांत. अमेरिकेत घरोघरी रीलोडिंग फोफावण्यामागे हे एक मोठे तांत्रिक कारण आहे. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील मैदानांत बायसनची शिकार करणारे लोक दुकानापासून शेकडो मैल दूर असत. ते सोबत शिसे, दारू आणि साचे ठेवत आणि मुक्कामाच्या ठिकाणीच काडतुसे भरत. विसाव्या शतकात या गरजेचा छंद झाला. कॅलिफोर्नियात १९४३ मध्ये सुरू झालेली आरसीबीएस आणि नेब्रास्कात १९४९ मध्ये सुरू झालेली हॉर्नेडी या कंपन्या त्यासाठीच्या साधनांवर आणि सुट्या घटकांवर मोठ्या झाल्या.

लोक हा खटाटोप का करतात?

पहिले कारण पैशाचे. रोजच्या सरावासाठी लागणाऱ्या स्वस्त, प्रचंड प्रमाणात बनणाऱ्या काडतुसांत फारशी बचत होत नाही. पण मोठ्या किंवा दुर्मीळ मापाच्या रायफलींची तयार काडतुसे महाग असतात, तिथे फरक ठळकपणे जाणवतो. काही जुन्या रायफलींची काडतुसे बाजारात मिळतच नाहीत. तिथे रीलोडिंग हाच पर्याय असतो. अर्थात, साधनांचा सुरुवातीचा खर्च शेकडो डॉलर असतो आणि तो भरून निघायला वेळ लागतो. या छंदातील जुनेजाणते लोक तर म्हणतात की पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत जास्त गोळ्या झाडता येतात.

दुसरे कारण अचूकतेचे. कारखान्याचे काडतूस त्या मापाच्या प्रत्येक रायफलीत सुरक्षितपणे चालावे अशा बेताने बनते. पण प्रत्येक नळीचा स्वभाव थोडा वेगळा असतो. स्वतः भरताना गोळीचे वजन, पावडरचा प्रकार आणि गोळी किती आत बसवायची हे त्या एका रायफलीला जुळवून घेता येते. शेकडो मीटरवरील लक्ष्यावर नेम धरणाऱ्यांसाठी हा फरक निर्णायक ठरतो. प्रत्येक गोळीचा वेग जितका सारखा, तितके लक्ष्यावरील छिद्रांचे अंतर कमी.

तिसरे कारण टंचाईचे. २०२० मध्ये करोनाकाळात अमेरिकेत बंदुकांची विक्रमी खरेदी झाली आणि काडतुसे दुकानांतून गायब झाली. तेव्हा अनेक जण नव्याने रीलोडिंगकडे वळले. पण तिथेही त्यांची निराशा झाली, कारण प्रायमरच मिळेनात. पुंगळी पुन्हा वापरता येते, गोळी घरी ओतता येते, पण प्रायमर मोजक्याच कंपन्या बनवतात आणि टंचाईत त्या कंपन्या आधी स्वतःच्या तयार काडतुसांची गरज भागवतात. ‘घरी भरले की कुणावर अवलंबून राहावे लागत नाही’ हा समज त्या दोन वर्षांत खोटा ठरला.

प्रक्रिया कशी असते?

आधी पुंगळ्यांची तपासणी होते. तडा, बुडाजवळची चमकदार रेघ किंवा सैल झालेला प्रायमरचा खळगा दिसला की पुंगळी बाद. मग त्या स्वच्छ केल्या जातात. प्रेसवर ‘डाय’ नावाचा पोलादी साचा बसवलेला असतो. दांडा ओढला की पुंगळी साच्यात दाबली जाऊन मूळ मापात येते आणि त्याच वेळी जुना प्रायमर बाहेर पडतो. वारंवार वापराने पितळ पुढे सरकून पुंगळी लांबते, म्हणून तिची लांबी मोजून जादा भाग कापावा लागतो. त्यानंतर नवा प्रायमर, मोजलेली पावडर आणि शेवटी गोळी.

ऐकायला हे शिवणयंत्र चालवण्याइतके सोपे वाटते. पण यातील प्रत्येक टप्प्याला मोजमाप आहे आणि ते कुठून घ्यायचे याबाबत एकच नियम आहे. पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीने प्रयोगशाळेत दाब मोजून प्रसिद्ध केलेली तक्ते-पुस्तिका. तीही चालू आवृत्तीची. मित्राने सांगितलेले, समाजमाध्यमावर वाचलेले किंवा अंदाजाने ठरवलेले प्रमाण वर्ज्य मानले जाते. तक्त्यात कमाल मर्यादा दिलेली असली, तरी सुरुवात कधीही तिथून करायची नसते. खालच्या प्रमाणापासून एकेक पायरी चढत, प्रत्येक वेळी झाडलेल्या पुंगळीवर दाबाची चिन्हे तपासत पुढे जायचे असते. म्हणूनच नवख्याला एका वेळी एकच काडतूस भरणारा साधा प्रेस घेण्याचा सल्ला दिला जातो. वेग कमी असला की प्रत्येक टप्पा डोळ्यांखालून जातो.

‘ग्रेन’चा हिशेब काय?

पावडर ‘ग्रेन’ या एककात मोजतात. मराठी वाचकाला हे एकक सोन्याच्या हिशेबातून समजू शकते. जुन्या मापात ९६ गुंजा म्हणजे एक तोळा आणि एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. म्हणजे एका गुंजेत पावणेदोन ग्रेनपेक्षा थोडे अधिक. मध्यम आकाराच्या रायफल काडतुसात साधारण दोन ते तीन ग्रॅम पावडर असते आणि ती एक दशांश ग्रेनपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत अचूक मोजली जाते. गुंजेचा जवळपास एकोणिसावा भाग.

इतकी काटेकोरता कशासाठी? धूररहित पावडर उघड्यावर पेटवली तर ती भडकन जळते, पण बंद जागेत तिचे वागणे बदलते. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि वेगाने जळाली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे पावडरमध्ये थोडी वाढ झाली तर दाबातील वाढ तेवढीच राहत नाही, ती उसळी घेते. पॉइंट ३०८ विंचेस्टर हे लोकप्रिय काडतूस पाहा. जुन्या एसएलआर रायफलच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाचे ते नागरी भावंड. अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार त्याचा कमाल दाब प्रति चौरस इंच ६२ हजार पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये तो ३२च्या आसपास असतो. म्हणजे चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर टायरच्या सुमारे १,९०० पट दाब. तो रोखून धरणारी गोष्ट म्हणजे रायफलचे पोलाद आणि पातळ पितळी पुंगळी.

चुका कुठे होतात?

सर्वांत घातक चूक म्हणजे चुकीची पावडर. बाजारात डझनावारी प्रकार मिळतात. काही झटकन जळणाऱ्या, पिस्तूल किंवा शॉटगनसाठीच्या, तर काही संथ जळणाऱ्या, रायफलसाठीच्या. दिसायला मात्र अनेक प्रकार सारखेच, करडे-काळे दाणे. संथ पावडरच्या प्रमाणात झटकन जळणारी पावडर भरली गेली तर रायफल हातातच फुटू शकते. म्हणून टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा ठेवायचा आणि काम संपताच उरलेली पावडर त्याच मूळ डब्यात परत ओतायची, हा शिरस्ता आहे.

दुसरी चूक उलट प्रकारची. पावडर भरायलाच विसरणे. अशा वेळी फक्त प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून मध्येच अडकू शकते. आवाज ‘फुस्स’ असा येतो. हे लक्षात न येता दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते. पावडर भरलेल्या सर्व पुंगळ्या फळीतील खाचांत ओळीने उभ्या करून विजेरीच्या प्रकाशात एकेकीत डोकावून पाहणे, हा त्यावरचा साधा उपाय. प्रायमर नीट आत न बसणे, पुंगळी गरजेपेक्षा जास्त दाबल्याने पुढच्या वेळी बुडाजवळ तुटणे, गोळी जास्त आत बसल्याने दाब वाढणे या आणखी काही चुका. यातील बहुतेक चुका अज्ञानापेक्षा लक्ष विचलित झाल्याने होतात. म्हणूनच काम करताना फोन, टीव्ही, गप्पा आणि मद्य बंद, हा नियम पुस्तिकांच्या पहिल्या पानांवर असतो.

तिसरा धोका संथ आहे. बहुतांश प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते. झाडलेल्या पुंगळ्या स्वच्छ करताना त्याची धूळ उडते. शिसे वितळवून गोळ्या ओतणाऱ्यांना तर हा धोका अधिक. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते, त्याची सुरक्षित पातळी ठरवता आलेली नाही. त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात करू नये, खाणे-पिणे जवळ ठेवू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत, असे सांगितले जाते. आगीच्या दृष्टीने अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकात घरी २० पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यात आणि १० हजारांपर्यंत प्रायमर ठेवण्याची मर्यादा आहे.

ऑलिम्पिक नेमबाजही हेच करतात का?

नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्ण मिळवले. या प्रकारांत पॉइंट २२ मापाची ‘रिमफायर’ काडतुसे वापरतात. त्यांत स्वतंत्र प्रायमर नसतो. पेट घेणारे रसायन पुंगळीच्या बुडाच्या पातळ कडेत भरलेले असते आणि पिन ती कडच चेपते. एकदा चेपली की ती पुंगळी भंगारात जाते, ती पुन्हा भरण्याचा व्यवहार्य मार्ग नाही.

मग अचूकतेसाठी हे नेमबाज काय करतात? ते काडतूस बदलण्याऐवजी निवडतात. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या काडतुसांतही प्रत्येक ‘लॉट’ थोडा वेगळा असतो. स्वतःची रायफल घेऊन काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रात जायचे, वेगवेगळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहायची आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट साठवून ठेवायचा, अशी पद्धत आहे. १० मीटर एअर रायफलमध्ये तर काडतूसच नसते, हवेच्या दाबाने छर्रा सुटतो.

अमेरिकेतील मराठी तरुणांनी काय लक्षात ठेवावे?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी बनवायची असतील तर मात्र लागतो. काही राज्यांचे नियम आणखी कडक आहेत. इतरत्र चित्र वेगळे आहे. जर्मनीत रीलोडिंग करता येते, पण त्यासाठी अभ्यासक्रम पूर्ण करून स्फोटक कायद्याखालील परवानगी घ्यावी लागते.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक अशा बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत. ‘दारूगोळा’ याच्या व्याख्येत तयार काडतुसांबरोबरच पुंगळ्या, प्रायमर, गोळ्या आणि पावडरही येतात. म्हणजे मित्राच्या गॅरेजमध्ये हौस म्हणून सुरू केलेला छंद, बंदूक हातात न घेताही, गुन्हा ठरू शकतो आणि त्याचा थेट परिणाम व्हिसावर होऊ शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

भारतातील कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रे किंवा दारूगोळा बनवणे, विकणे, दुरुस्त करणे यांस बंदी आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे, ही बाब अनेक परवानाधारकांच्याही लक्षात येत नाही. कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही समाविष्ट आहे. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून प्रेस किंवा डाय मागवणे हे निरुपद्रवी अवजार मागवण्यासारखे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे. पावडरला स्फोटकविषयक नियम वेगळे लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय नागपुरात आहे.

भारतात काडतूस निर्मिती दीर्घकाळ सरकारी कारखान्यांभोवतीच राहिली. १८६९ पासूनचा पुण्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना हे त्यांपैकी महत्त्वाचे. ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे आहेत. पोलीस आणि लष्कराच्या गोळीबार सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा केल्या जातात, तोही याच शिस्तीचा भाग. झाडलेली पुंगळी आपल्याकडे कचरा नसते, हिशेबातील वस्तू असते.

परदेशातून येताना रेंजवरची पुंगळी आठवण म्हणून किंवा कीचेन म्हणून बॅगेत टाकणाऱ्यांनाही हे लागू पडते. विमानतळावरील तपासणीत काडतूस सापडले की पोलिसांत प्रकरण जाते. ते जाणीवपूर्वक बाळगले होते का, हा मुद्दा न्यायालये नंतर तपासतात आणि तो सिद्ध न झाल्याने गुन्हे रद्द झाल्याचीही उदाहरणे आहेत. पण तोवर विमान सुटलेले असते आणि वकील शोधावा लागलेला असतो. प्रवासापूर्वी बॅगेचे कप्पे आणि जुन्या जॅकेटचे खिसे रिकामे करून पाहणे त्यापेक्षा सोपे. परवानाधारकांसाठी मार्ग एकच आहे. अधिकृत विक्रेत्याकडून परवान्यावर नोंद करून काडतुसे घेणे आणि न चाललेले किंवा जुने झालेले काडतूस घरी उघडून न पाहता विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवणे.